झाकणाचं भोक

बेसा रोडवरचं आमचं लॉन.
नागपुरात लॉन म्हणजे आधी लग्न,
गवत नंतर, खुर्च्यांच्या पायांखाली.
तुळशीच्या लग्नाला सहा दिवस,
पहिलं बुकिंग झाडे पार्टीचं,
आणि गवत पोटरीला लागलेलं.
पावसाळाभर शेजारच्या बकऱ्यांनी सांभाळून घेतलं होतं,
मग मालकाने तार मारली.

मशीन एप्रिलपासून ताडपत्रीखाली.
दोरी ओढली. एकदा.
मग अकरा वेळा.
दोरी परत आत जाताना
दाताला जीभ लावून कुणी च्च् करावं, तसा आवाज.

जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशचा वास.
प्लग खोलला, काळा, ओला.
बायकोच्या फाटक्या लुगड्याने पुसला, पॉलिश पेपर मारला,
इंजिनाच्या अंगाला टेकवून पुन्हा दोरी.
ठिणगी निळी होती.
म्हटलं, हे तर ठीक आहे.
ब्लेडखालची गवताची पेंड खरवडली.
फिल्टर झटकला
तर त्यातून मागच्या हंगामाच्या अक्षता पडल्या,
तीन दाणे, हळद अजून शाबूत.
कोणाच्या लग्नातल्या, देव जाणे.

आणि लागलं की मशीन!
स्टेजपासून निघालो, एक पट्टा सरळ कापत,
बुफेच्या जागेच्या अलीकडे
खोकलं, बसलं.
पाणी प्यालो. ओढली. दोन मिनिटं.
बिडी ओढली. ओढली. दोन मिनिटं.
असे चार दिवस.
लॉन दिसत होतं
अर्धी हजामत करून न्हावी पळून गेल्यासारखं.

मालकाचा फोन, ‘काहून बे, झालं का नाही?’
सक्करदऱ्याहून इस्तारी तितरमारे आला,
सत्तरीचा, लुनावर.
काही खोललं नाही त्याने.
घमेलं पालथं घालून बसला, म्हणाला, ‘चालव.’
दोन मिनिटांनी मशीन मेलं.
मग त्याने टाकीचं झाकण फिरवलं, हळू, 
आणि ते फुस्स झालं.

‘आयकलं का?’
मी ऐकलं होतं. चार दिवसांत पहिल्यांदा.
‘पेट्रोल हाये तुयापाशी. ठिणगी हाये.
हवा नाही भेटून राह्यली त्याले.
वरून हवा आत जाईन तवा खालून पेट्रोल उतरन ना बाप्पा.’

झाकण उलटं केलं.
मधोमध सुईएवढं भोक,
त्यात कुंभारमाशीने लिंपलेली माती.
इस्तारीने सदऱ्याच्या कॉलरमागून सुई काढली
(मिलमधली सवय, म्हणाला)
आणि कोरली.
नखावर मावली सगळी.

मशीन चालू होतं, तसंच चालू राहिलं.
आम्ही दोघं उभे राहून नुसते ऐकत होतो.
तो मोठ्याने बोलू लागला, मशीनवरून,
‘भोंगा बंद झाला तवा
तीन महिने घरात तोंड नाही उघडलं म्या.
जेवून घ्या म्हणे, जेवत होतो. झोपा म्हणे, झोपत होतो.
एक दिवस बायकोनं दार सताड उघडलं, म्हणाली,
जा, कोनाचं तरी काही बिघडलं असन.’
पुढचं ऐकू आलं नाही,
मी मशीन बुफेपलीकडे नेलं होतं.

पैसे विचारले.
‘सुई वाकली ना. सुईचे दे.’
दहाची नोट घेतली, लुनाला चार किका मारल्या,
पाचवीला ती लागली.

झाडे पार्टीची वरात दोन तास उशिरा आली.
डीजेपुढे सगळे नाचले,
गवताकडे कोणी पाहिलं नाही. बरंच झालं,
चिंचेखाली एक पट्टा राहिलाच होता.

माझ्या कॉलरमागे आता सुई असते.
बायको म्हणते, टोचन एखाद दिवशी.
टोचते.